नीट बघ, तांगुत

गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात दोन वस्तू:
लाकडी क्रूस आणि लोखंडी चिमटा.
क्रूस बाप्तिस्म्याचा.
चिमटा लोहारानं जुन्या कुलपाच्या पत्र्यातून ठोकलेला,
टोकं घासून घासून इतकी बारीक
की माशीचा पाय धरतील.

मी वहीत लिहितो:
एनातनेश, वय अंदाजे पन्नास,
दोन्ही वरच्या पापण्या आत वळलेल्या,
उजवीकडे सात केस बुबुळाला टेकलेले,
डावीकडचे मोजले नाहीत.
कारण: खुपऱ्या.

वहीत न मावलेलं असं, की
लहानपणी तिचे डोळे यायचे,
पेरणीला यायचे, मळणीला यायचे,
पाठोपाठ माश्या यायच्या.
पाणी तेवढं यायचं नाही. ते दीड तास खाली, दरीत.
जेरीकॅनमधून वर चढलेलं पाणी
आधी डाळीचं, मग वासराचं,
उरलं तर तोंडाचं.
पुढे पोरं झाली, त्यांचे डोळे आले.
नेतेलाच्या एकाच टोकानं ती पाच तोंडं पुसत राहिली
आणि सहावं स्वतःचं.
पापणी आतून आखडत गेली,
उन्हात टाकलेलं कातडं कडेनं वळतं तशी.

मग प्रत्येक उघडझाप म्हणजे खराटा.
चुलीपाशी धूर, खळ्यावर तेफचं भूस,
आणि डोळे मिटून घ्यावेत
तर मिटतानाच जास्त सलतं.

म्हणून तांगुत.
दर तिसऱ्या संध्याकाळी एनातनेशचं डोकं तिच्या मांडीवर.
तांगुतच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यात फूल पडलंय;
केस ती नजरेनं नाही, नखानं शोधते.
उपटलेला प्रत्येक केस मनगटावर चिकटवायचा,
मध्येच कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गाढवाचं काढायचं,
मग जागा बदलायची.

उपटलेला केस पुन्हा उगवतो,
आखूड, ताठ, जुन्याहून वाईट, मी सांगितलं.
‘मग?’ तांगुत म्हणाली. ‘गवतही उगवतं.’
तिच्या नावापुढे वहीत तीन वर्षं एकच शब्द आहे: नकार.

एनातनेश मात्र यंदा आली.
शाळेची दोन बाकं जोडून टेबल,
बाहेर जनरेटर खोकतोय.
एक मधमाशी चावेल, म्हटलं, मग काही नाही.
कडेपासून तीन मिलिमीटर वर, कडेला धरून एक चीर,
चार टाके, ओढून
कड पुन्हा बाहेरच्या जगाकडे.
एका डोळ्याला पाऊण तास लागला; हात शिकाऊ नव्हता,
दिवा दोनदा गेला.
सगळा वेळ तिच्या मुठीत चिमटा.

बुबुळावरचा ढग तसाच राहील, मी म्हणालो,
समोरचा डोंगर आधीसारखा नाही दिसणार.
‘डोंगर कुठे पळतोय,’ ती म्हणाली,
‘मला झोप पाहिजे.’
टेट्रासायक्लिनची ट्यूब दिली, दिवसातून दोनदा,
तांदळाच्या दाण्याएवढी.

आठव्या दिवशी टाके काढायचे होते. ती खाली आलीच नाही.
कात्री उकळून, फडक्यात बांधून मीच चढ चढलो.
अंगणात कॉफीचा दुसरा घोट चालू होता
आणि डोकं मांडीवर.

‘एकही नाही,’ तांगुत सांगत होती.
‘नीट बघ.’
‘नाही गं.’
‘नीट बघ म्हणते ना.’
तांगुतनं चिमटा उचलला,
हवेतच दोनदा मिटला,
आणि काय करायचं ते न कळून
तिच्या भुवईवरून अंगठा फिरवत राहिली.

मी दाराशी थांबलो. कप संपू दे.

मग त्यांनी जागा बदलल्या.
काळ्या टाक्यांच्या पापण्या घेऊन एनातनेश वाकली,
तांगुतची हनुवटी उजेडाकडे वळवली
आणि कितीतरी वेळ काहीच बोलली नाही.
‘अकरा,’ ती शेवटी म्हणाली.
‘आणि मी इतकी वर्षं पाचच काढत होते होय?’